ताडोबाची सफारी असो की मसाई मारा: कॅमेऱ्याची बॅग कशी भरायची?

ताडोबाच्या उन्हाळी सफारीचं बुकिंग लोक महिनोन्महिने आधी करतात. जिप्सी ठरते, रिसॉर्ट ठरतं, सुट्ट्या मंजूर होतात. जंगलात प्रत्यक्ष मिळतात मात्र एका फेरीचे जेमतेम चार तास. त्यातही वाघ दिसलाच, तर बऱ्याचदा मिनिटभरासाठी. नेमकं तेव्हाच कार्ड भरलेलं असतं, बॅटरी लाल दिवा दाखवते किंवा हातातल्या लेन्सने वाघ एवढासा दिसतो.

असं होण्याचं कारण बहुतेक वेळा स्वस्त कॅमेरा हे नसतं. बॅग चुकीची भरलेली असते. कुठे जायचं, प्रकाश किती असेल, प्राणी किती लांब असेल आणि किती वजन उचलायचं, या चार प्रश्नांची उत्तरं आधी मिळवली की काय घ्यायचं आणि काय घरी ठेवायचं हे आपोआप ठरतं.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलासाठी हे गणित कसं मांडायचं आणि तीच बॅग घेऊन परदेशात जाताना काय बदलायचं, ते समजून घेऊया.

सगळ्यात आधी: फोनवर भरवसा ठेवू नका

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या कोअर क्षेत्रात सफारीला मोबाइल नेता येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कॉर्बेट प्रकरणाच्या निकालात देशातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधल्या पर्यटन क्षेत्रात मोबाइल वापरायला मनाई केली.

याचा थेट परिणाम बॅगेवर होतो. ‘जवळचे फोटो कॅमेऱ्याने, बाकीचे फोनने’ ही नेहमीची वाटणी इथे चालत नाही. ताडोबा तलाव, बांबूची बेटं, जिप्सीत बसलेली घरची मंडळी, हे सगळं कॅमेऱ्यानेच टिपावं लागतं. म्हणजे लांबच्या लेन्सबरोबर एक रुंद लेन्सही हवी.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. बुकिंगचा कागद छापून घ्या आणि त्यात नोंदवलेलं ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ ठेवा. कॅमेऱ्यातली तारीख-वेळही आदल्या रात्रीच बरोबर लावा. ज्यांच्याकडे फोनशिवाय दुसरा कॅमेरा नाही, त्यांनी ८×४२ ची दुर्बीण न्यावी. उसन्या कॅमेऱ्याशी चार तास झगडण्यापेक्षा जंगल जास्त दिसेल.

लेन्स किती मिलिमीटरची हवी?

‘जितकी मोठी तितकी चांगली’ हा समज खरा नाही. यासाठी एक सोपा हिशेब आहे. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. प्राण्याचं मीटरमधलं अंतर गुणिले ३६, भागिले लेन्सचे मिमी, असं केलं की त्या अंतरावर फोटोच्या चौकटीत किती मीटर रुंदीचं दृश्य मावेल ते कळतं.

वाघ नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण अडीच ते तीन मीटर असतो. आता बघा:

• वाघ ३० मीटरवर आडवा चालतोय, लेन्स ४०० मिमी: चौकट २.७ मीटरची. वाघाने फोटो भरून गेला.
• वाघ १०० मीटरवर, लेन्स ६०० मिमी: चौकट ६ मीटरची. वाघ निम्म्या फोटोत.
• वाघ १५ मीटरवर, लेन्स ६०० मिमी: चौकट ९० सेंटिमीटरची. फक्त तोंड आणि खांदा.
• वाघ १५ मीटरवर, लेन्स १०० मिमी: चौकट ५.४ मीटरची. वाघ, रस्ता आणि मागचा बांबू, सगळं आलं.

ताडोबात वाघ अनेकदा रस्त्यावरूनच चालत येतात, तर कधी पाणवठ्याच्या पलीकडच्या काठावर बसून राहतात. एकाच फेरीत १५ मीटर आणि १०० मीटर अशी दोन्ही अंतरं येऊ शकतात. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी एकाच मिमीच्या मोठ्या लेन्सपेक्षा १००-४०० किंवा १५०-६०० अशी झूम लेन्स जास्त उपयोगी पडते.

तुमचा कॅमेरा एपीएस-सी म्हणजे ‘क्रॉप’ सेन्सरचा असेल, तर हिशेबात ३६ ऐवजी २४ धरा (कॅननच्या क्रॉप कॅमेऱ्यांना २२). याचा अर्थ १००-४०० ची लेन्स अशा कॅमेऱ्यावर साधारण १५०-६०० सारखं काम करते, आणि वजन व किंमत दोन्ही वाचतात.

पहाटेचा प्रकाश आणि लेन्सवरचा ‘एफ’ आकडा

सकाळची फेरी उजाडता उजाडता सुरू होते. पहिला तासभर, विशेषतः सागाच्या आणि बांबूच्या दाट भागात, प्रकाश फारच कमी असतो. वाघ दिसण्याची शक्यताही याच वेळी चांगली असते.

लेन्सवर लिहिलेला ‘एफ’ आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश आत येतो. एफ/२.८ ची लेन्स एफ/५.६ च्या चौपट प्रकाश घेते. पण ६०० मिमी एफ/४ सारखी लेन्स तीन किलोच्या पुढे आणि किंमत दहा लाखांच्या पुढे जाते. सामान्य हौशी माणसाकडे एफ/६.३ ची झूम असते, आणि तिच्यानेही काम होतं. फक्त आयएसओ वाढवायला घाबरू नका.

कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, आयएसओ ऑटोवर. बसलेल्या वाघासाठी शटर १/५००, चालणाऱ्यासाठी १/१०००, उडणाऱ्या पक्ष्यांसाठी १/२०००. थोडे दाणे आलेला फोटो नंतर सुधारता येतो, हललेला फोटो सुधारता येत नाही.

उन्हाळ्यात आणखी एक अडचण असते. सूर्य वर आला की तापलेल्या जमिनीवरून गरम हवेच्या लाटा उठतात. त्यातून काढलेला लांबचा फोटो कितीही महागड्या लेन्सने काढला तरी मऊ, पाण्याखालून काढल्यासारखा येतो. तेव्हा लेन्सला दोष देऊ नका. ऊन चढल्यावर लांबच्या प्राण्याचा नाद सोडून जवळच्या गोष्टी टिपा: रस्त्यावरचे पंजे, झाडावरचे नखांचे ओरखडे, पाणवठ्यावरचे पक्षी.

वजनाप्रमाणे चार संच

१. ब्रिज कॅमेरा, १ ते १.५ किलो. लेन्स बदलता येत नाही, पण २४ ते ६०० मिमी किंवा त्याहून जास्त झूम एकाच यंत्रात मिळतो. धूळ आत जाण्याची शक्यता कमी. सेन्सर लहान असल्याने पहाटे दाणे जास्त दिसतात. आई-वडील, मुलं यांच्यासह जाणाऱ्यांसाठी पुरेसा.

२. क्रॉप सेन्सरचा मिररलेस आणि १००-४०० लेन्स, सव्वा ते अडीच किलो. उदाहरणार्थ कॅनन आर-७ आणि आरएफ १००-४०० ही जोडी मिळून सुमारे सव्वा किलो भरते. हौशी माणसासाठी पैशाला आणि पाठीला झेपणारा हा पर्याय.

३. फुल-फ्रेम आणि १५०-६०० किंवा २००-६०० लेन्स, पावणेतीन किलोच्या आसपास. फोटो उत्तम, पण हातात धरून दहा मिनिटांत दंड भरून येतात. टेकू हवाच.

४. मोठी प्राइम लेन्स आणि दोन कॅमेरे, पाच किलोच्या पुढे. हे नियमित काम करणाऱ्यांसाठी.

एका सफारीसाठी नवी लेन्स विकत घेण्याची गरज नसते. नागपूर, पुणे, मुंबईत लेन्स भाड्याने मिळतात. मात्र सफारीच्या आदल्या दिवशी घेऊ नका. दोन दिवस आधी घ्या आणि घराजवळच्या तलावावर बगळे, कुत्री, धावणारी मुलं यांचे दोनशे फोटो काढून पाहा. अनोळखी यंत्राची बटणं वाघासमोर शोधायची वेळ येऊ नये. मोठ्या लेन्ससाठी प्रवेशद्वारावर वेगळं शुल्क लागू शकतं, तेही बुकिंगच्या वेळीच पाहून ठेवा.

ऊन, धूळ आणि पाऊस

चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. बहुतेक कॅमेरे बनवणाऱ्या कंपन्या मात्र ० ते ४० अंशांपर्यंतच वापराची हमी देतात. काळा कॅमेरा उघड्या जिप्सीत उन्हात ठेवला तर त्याचं तापमान हवेपेक्षाही वाढतं. उपाय साधा आहे: पांढरा सुती दुपट्टा. विदर्भात उन्हाळ्यात तो प्रत्येकाच्या डोक्याला असतोच, एक कॅमेऱ्यासाठीही घ्या. बंद उभ्या गाडीत कॅमेऱ्याची बॅग कधीही ठेवू नका.

धूळ हा दुसरा शत्रू. समोरच्या जिप्सीने उडवलेली मुरमाची धूळ मिनिटभर हवेत तरंगते. त्यात लेन्स काढली की ती थेट सेन्सरवर बसते. म्हणून जंगलात लेन्स बदलायचीच नाही असं ठरवून जा. घरात जुना दुसरा कॅमेरा असेल तर रुंद लेन्स त्यावर आधीच लावा. चालत्या गाडीत कॅमेरा उशीच्या जुन्या अभ्र्यात घालून मांडीवर ठेवला तरी पुरतं. पुसताना आधी फुग्याने हवा मारा, मग मऊ ब्रश, आणि शेवटी कापड. धूळ तशीच रगडली तर काचेवर ओरखडे उठतात.

पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, कोअर क्षेत्र बंद असतं आणि बफरमधल्या काही भागांत सफारी चालते. तेव्हा पावसाचं कव्हर, सुके पंचे आणि सिलिका जेलच्या पुड्या हव्यात. एसीच्या खोलीतून दमट हवेत कॅमेरा एकदम बाहेर काढला की काचेवर वाफ धरते. निघण्याआधी अर्धा तास तो बंद बॅगेतच खोलीबाहेर ठेवा. पावसाळ्यानंतर लेन्स कपाटात तशीच कोंडून ठेवली तर बुरशी लागते, म्हणून आधी नीट वाळवा.

टेकू: ट्रायपॉड नव्हे, तांदळाची पिशवी

जिप्सीत ट्रायपॉड उभा करायला जागा नसते. त्याऐवजी जाड कापडाची, चेन असलेली रिकामी पिशवी न्या. मुक्कामी पोहोचल्यावर दोन-तीन किलो तांदूळ विकत घेऊन भरा. हा भाताचाच मुलूख आहे, तांदूळ कुठेही मिळतो. पिशवी जिप्सीच्या दांडीवर ठेवून त्यावर लेन्स टेकवली की हातही दुखत नाही आणि फोटोही हलत नाही. परत निघताना तांदूळ मुक्कामाच्या स्वयंपाकघरात देऊन टाका.

बॅटरी आणि कार्ड: किती पुरेल?

मिररलेस कॅमेऱ्याची बॅटरी स्क्रीन चालू असताना भराभर उतरते. एका फेरीला दोन, दिवसाला तीन असा हिशेब धरा.

कार्डाचं गणित असं: २४ मेगापिक्सेलचा एक रॉ फोटो साधारण ३० एमबी धरला, तर १२८ जीबीच्या कार्डावर चार हजारांच्या आसपास फोटो मावतात. जास्त वाटतात ना? पण सेकंदाला २० फोटो काढणारा कॅमेरा तीन सेकंद बटण दाबून ठेवलं की ६० फोटो घेतो. एकच मोठं कार्ड नेण्यापेक्षा ६४ किंवा १२८ जीबीची दोन-तीन न्या. एक बिघडलं तरी सगळी सहल जात नाही. रोज रात्री फोटोंची प्रत काढा आणि दोन्ही प्रती एकाच बॅगेत ठेवू नका.

गडचिरोलीला जाताना काय बदलतं?

गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग जंगल आहे, पण ताडोबासारखी हमखास जिप्सी-सफारी आणि व्याघ्रदर्शन डोक्यात ठेवून इथे येऊ नये. इथलं बघण्यासारखं वेगळं आहे. अहेरी तालुक्यातल्या कमलापूरचा हत्तीकॅम्प, सिरोंचाजवळचं वडधमचं जीवाश्म उद्यान, वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते त्या संगमाजवळचं चपराळा अभयारण्य, रानम्हशींसाठी राखलेलं कोलामार्का आणि दक्षिणेला भामरागडचं जंगल.

त्यामुळे बॅगही बदलते. हत्तीकॅम्प, जीवाश्म झालेली झाडं, नदीचा संगम यांना २४-७० किंवा १८-१३५ सारखी लेन्सच कामाची. पक्ष्यांसाठी १००-४०० पुरे. तीन किलोची लेन्स इथे बहुतेक वेळ बॅगेतच राहील.

अंतरं मोठी आहेत आणि दुकानं कमी. बॅटरी किंवा कार्ड वाटेत मिळेल असं धरून चालू नका. गाडीत चार्ज करायचा चार्जर आणि पॉवर बँक घ्या. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, म्हणून त्या दिवसांत पाणी आत न जाणारी बॅग आणि एक दिवसाची सवड, दोन्ही हवं.

इथे दोन नियम पाळा. पोलीस ठाणी, चौक्या, सुरक्षा दलाचे जवान यांचे फोटो काढू नका. आणि ड्रोन घरी ठेवा. अभयारण्यांत तो परवानगीशिवाय चालत नाही आणि या भागात त्यावरून कसून चौकशी होऊ शकते. माडिया गावांत माणसांचे फोटो काढण्याआधी विचारा. ‘नाही’ म्हटलं तर कॅमेरा खाली ठेवा. आठवडी बाजार हा कुणाच्या तरी रोजच्या जगण्याचा भाग आहे, रीलसाठी मांडलेला देखावा नाही.

हीच बॅग परदेशात नेताना

केनियातल्या मसाई मारात वन्यप्राण्यांच्या मोठ्या स्थलांतराचा काळ साधारण जुलै ते ऑक्टोबर असतो. यातले पहिले तीन महिने ताडोबाचं कोअर बंद असतं. त्यामुळे मे-जूनमधली ताडोबाची फेरी ही परदेशवारीची रंगीत तालीम समजा. ताडोबात जी वस्तू बॅगेतून एकदाही बाहेर निघाली नाही, ती मारालाही नेऊ नका. मात्र तिथे मोकळं गवताळ रान असल्याने अंतरं वाढतात, म्हणून ५०० ते ६०० मिमीचा उपयोग जास्त.

वजन: बहुतेक भारतीय विमान कंपन्या इकॉनॉमीत ७ किलोची हातबॅग नेऊ देतात. फुल-फ्रेम कॅमेरा ०.७, मोठी झूम २.१, रुंद लेन्स ०.७, बॅटऱ्या-चार्जर ०.५, लॅपटॉप १.४ आणि बॅगेचं स्वतःचं वजन १.६, की झाले ७ किलो. औषधं आणि स्वेटर अजून बाकीच आहेत. म्हणून हलकी बॅग निवडा आणि घरच्या काट्यावर वजन करूनच निघा. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराला जाणाऱ्या छोट्या विमानांत हातबॅगेसह एकूण १५ किलो आणि मऊ बॅग असा नियम असतो. चाकांची कडक पेटी तिथे अडते.

बॅटरी: सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक फक्त हातबॅगेत, मोठ्या सामानात अजिबात नाही. मर्यादा वॉट-अवरमध्ये मोजतात: एमएएचला १००० ने भागून व्होल्टने गुणायचं. २०,००० एमएएच, ३.७ व्होल्टची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची होते. १०० पर्यंत चालते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे बंदी. पॉवर बँकवर आकडे पुसट झाले असतील तर ती तपासणीत काढून घेतली जाऊ शकते. सुट्या बॅटऱ्यांच्या धातूच्या टोकांवर टोपण किंवा चिकटपट्टी लावा. काही विमान कंपन्या उड्डाणादरम्यान पॉवर बँक वापरू देत नाहीत, तेही पाहून ठेवा.

कस्टम: महागडा कॅमेरा घेऊन परत येताना ‘हा परदेशात घेतला का?’ असा प्रश्न येऊ शकतो. जाताना ज्या विमानतळावरून देश सोडता, तिथल्या कस्टम कक्षात कॅमेरा आणि लेन्सचे क्रमांक नोंदवून निर्यात प्रमाणपत्र घ्या. नागपूरहून मुंबईमार्गे जात असाल तर यासाठी मुंबईत वेळ राखून ठेवा. खरेदीच्या पावत्यांच्या प्रतीही जवळ असाव्यात. व्यावसायिक चित्रीकरणाचं मोठं सामान असेल तर ‘एटीए कार्नेट’ नावाचं कागदपत्र लागू शकतं, भारतात ते फिक्की ही संस्था देते.

प्लास्टिक: केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. धुळीपासून बचावासाठी आपण सवयीने कॅमेरा कॅरीबॅगमध्ये गुंडाळतो, ते तिथे चालणार नाही. उशीचा अभ्रा इथेही कामाला येतो. बीन बॅग रिकामीच न्या आणि लॉजवर भरून घ्या. धान्य सीमेपलीकडे नेऊ नका.

प्लग: केनियात तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा प्लग चालतो. एक अडॅप्टर आणि घरचा एक एक्स्टेन्शन बोर्ड नेला की सगळे चार्जर एकदम लागतात.

विमा: प्रवास विम्यात महागड्या वस्तूंच्या भरपाईला बहुधा मर्यादा असते. ती रक्कम तुमच्या लेन्सच्या किमतीशी ताडून पाहा.

युरोप किंवा दुबईची शहरी सहल असेल तर मोठी लेन्स घरीच ठेवा. तिथे एक लहान कॅमेरा, एक लेन्स आणि फोन पुरतो.

लांब लेन्स कशासाठी?

३१ डिसेंबर २०२४ रोजी चंद्रपूरच्या शेजारी, नागपूर-भंडारा जिल्ह्यांतल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे सफारीच्या गाड्यांच्या मध्ये अडकले. त्याचा व्हिडिओ पसरल्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

गाडी चालक हाकतो, पण ‘अजून थोडं पुढे घ्या’ हे मागून पर्यटकच म्हणतात. लांब लेन्स आणि बरोबर भरलेली बॅग यांचा सगळ्यात मोठा उपयोग हाच की तसं म्हणण्याची गरज पडत नाही. ४०० मिमीची लेन्स असेल तर ३० मीटरवर थांबूनही फोटो भरतो, हे आपण वर पाहिलंच.

फोटो टाकतानाही थोडं भान ठेवा. ‘ताडोबा’ एवढं ठिकाण पुरेसं आहे. पाणवठ्याचं नाव, वेळ, घरट्याचं झाड, बछड्यांची जागा लिहू नका. कॅमेरा फोनच्या अ‍ॅपला जोडलेला असेल तर फोटोत ठिकाणाची नोंद आपोआप जाते. ती काढूनच फोटो टाका.

निघण्याच्या आदल्या रात्री तपासा

• कॅमेऱ्याची तारीख-वेळ, मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ
• झूम लेन्स लावलेली, रुंद लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्यावर किंवा मुक्कामी
• तीन बॅटऱ्या पूर्ण चार्ज, चार्जर सोबत
• दोन-तीन कार्डं, प्रत काढून रिकामी केलेली
• सुती दुपट्टा, अभ्रा, फुगा, ब्रश, कापड
• रिकामी बीन बॅग
• मूळ ओळखपत्र आणि छापील बुकिंग
• परदेशी जायचं असेल तर: पासपोर्टसोबत क्रमांकांची यादी, पावत्या, अडॅप्टर आणि काट्यावर केलेलं वजन

यादी पूर्ण झाली की बॅग पाठीला लावून घरातल्या घरात दहा मिनिटं फिरा. जड वाटली, तर एक वस्तू आताच बाहेर काढा.